युरोपियन पार्लमेंटला मत देणारा माणूस नेमकं कुणाला निवडतो?

तुम्ही विचारलंय की युरोपियन युनियनचे २७ देश मिळून निवडणूक घेतात तर तिथे युरोपभर चालणारे पक्ष आहेत का, आणि ह्याला खरी लोकशाही म्हणायचं का. मी म्युनिकला राहतो, मला स्वतःला मत नाही कारण त्यासाठी कुठल्यातरी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, पण हा विषय मी मनापासून फॉलो करतो म्हणून लिहितोय.

लोकशाही आहेच. १९७९ पासून लोक थेट मतदान करून खासदार पाठवतात आणि ही पार्लमेंट कायदे अडवू शकते, बदलू शकते. घोळ आहे तो पक्षांचा. प्रचार होतो तो आपापल्या देशातल्या पक्षांचा, म्हणजे इथे बव्हेरिया राज्यात सीएसयू, बाकी जर्मनीत त्याचा जोडीदार पक्ष सीडीयू, आयर्लंडमध्ये फिन गेल (आपल्या मालवणकडच्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर ज्याचे पंतप्रधान होते तो पक्ष), आणि निवडून आल्यावर हे सगळे ईपीपी (युरोपियन पीपल्स पार्टी, मध्यम उजव्या पक्षांचा गट) नावाच्या एकाच गटात जाऊन बसतात. २०२४ ला ७२० पैकी १८८ जागा ह्या गटाच्या, सगळ्यात मोठा गट, पण रस्त्यात दहा जणांना विचारा, ईपीपी म्हणजे काय हे फार थोडे सांगतील.

गट बनवायला किमान ७ देशांतले २३ खासदार लागतात, आणि गट जितका मोठा तितकं त्याचं वजन जास्त. त्यामुळे माणसं जमवायच्या नादात काय होतं बघा, लोकशाहीची गळचेपी केल्याचा आरोप असलेले हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान, त्यांचा फिदेस पक्ष मार्च २०२१ पर्यंत ह्याच ईपीपीत होता, म्हणजे कितीतरी वर्षं मर्केलबाईंच्या सीडीयूला मत देणारा साधा जर्मन माणूस जो गट मोठा करत होता त्याच गटात ओर्बानची माणसं बसलेली, आणि त्याला हे कुणी धड सांगितलंही नाही. बरं खासदाराला पुढचं तिकीट देणार त्याच्या देशातला पक्ष, गट नाही, मग दोघांचं वाजलं की तो बहुतेक वेळा कुणाचं ऐकणार ते उघड आहे.

म्हणून ही निवडणूक युरोपची कमी आणि त्या त्या देशाची जास्त होते. २०२४ ला इथे एसपीडी ह्या समाजवादी पक्षाच्या पोस्टरवर तेव्हाचे चॅन्सलर (म्हणजे जर्मनीचे पंतप्रधान) शोल्त्स ह्यांचा फोटो होता, आणि ते उमेदवारच नव्हते! फ्रान्समध्ये तर ९ जूनला ल पेनबाईंच्या कडव्या उजव्या पक्षाला ३१ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी फ्रान्सची संसद बरखास्त केली.

पण मला ह्याहून मोठी अडचण वाटते ती वेगळी. आपल्याकडे सरकार आवडलं नाही तर लोक ते पाडतात, देश मोडा असं कुणी म्हणत नाही, कारण समोर विरोधी पक्ष असतो. ब्रुसेल्सला, म्हणजे जिथून युनियनचा कारभार चालतो तिथे, पाडायचं कुणाला? तिथे मध्यम उजवे, मध्यम डावे आणि लिबरल बहुतेक वेळा मिळून कारभार करतात आणि वरची पदं २७ देशांचे नेते आपसात वाटून घेतात. २०२४ ला कमिशन (म्हणजे युनियनचं सरकारच म्हणा) ईपीपीच्या फॉन डेअर लायेनबाईंकडे, युरोपियन कौन्सिलचं (ह्याच २७ नेत्यांच्या मंडळाचं) अध्यक्षपद समाजवादी अंतोनियो कोस्तांकडे (ह्यांचं घराणं मूळचं गोव्यातल्या मडगावचं) आणि परराष्ट्र खातं लिबरल काया कालासकडे. तिघंही लायक असतील, पण मतदाराने ह्यात काय निवडलं? २०१९ ला तर आमच्या बव्हेरियाचे मानफ्रेड वेबर कमिशनच्या अध्यक्षपदासाठी ईपीपीचा चेहरा म्हणून युरोपभर फिरले आणि निकालानंतर नेत्यांनी त्यांना बाजूला सारून प्रचारात नावसुद्धा नसलेल्या फॉन डेअर लायेनना पुढे केलं, त्याही पार्लमेंटमध्ये ३८३ मतांनी जेमतेम पास झाल्या, ३७४ लागत होती. मला त्याचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण त्याच वर्षी मतदान कितीतरी वर्षांनी वाढून ५० टक्क्यांच्या वर गेलं होतं, आणि त्या मतदारांना हे उत्तर मिळालं.

मग चिडलेल्या माणसाला एकच वाट उरते, अख्ख्या युनियनच्याच विरोधात मत टाकायचं. ब्रिटनमध्ये २०१४ ला युनियन सोडा म्हणणारा नायजेल फराजचा युकिप पक्ष ह्याच निवडणुकीत पहिला आला आणि दोन वर्षांनी ब्रेक्झिटचं सार्वमत झालं. ब्रेक्झिटला इतर कारणंही भरपूर होती, पण ही वाट मोकळी सोडली होती हे खरं.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. मे २०२२ मध्ये पार्लमेंटने ठराव केला की २८ जागा अख्ख्या युरोपच्या एकाच यादीतून भरायच्या, म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मतं, एक देशातल्या यादीला आणि एक युरोपच्या यादीला, आणि त्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव म्हणजे कमिशनच्या अध्यक्षपदाचा उमेदवार. लहान देशांना भीती की मोठे देश ह्या जागा पळवतील, ती मला पटते, पण त्यासाठी यादीत वेगवेगळ्या आकाराच्या देशांची नावं मिसळायचा नियमही त्याच ठरावात होता. तरी तो देशांच्या सरकारांकडे जाऊन अडकला, कारण तिथे एकमत लागतं, आणि पदं वाटायचा हक्क ज्यांच्या हातात आहे त्यांनीच तो सोडायचाय. व्होल्ट नावाचा एक छोटा पक्ष बऱ्याच देशांत एकाच नावाने, एकाच जाहीरनाम्यावर लढतो, २०१९ ला त्यांचा एक खासदार होता, २०२४ ला पाच झाले, तीन जर्मनीतून आणि दोन नेदरलँड्समधून. मला मत असतं तर ह्यांचा जाहीरनामा मी सगळ्यात आधी वाचला असता.