तेलातलं शिसं आणि रिपोर्टातला आकडा

घाण्यावरून शेंगदाणा तेल आणते. त्यात शिसं आहे का, हे घरी बघता येईल? (कोथरूड)

नाही. वास, रंग, फेस यांतून काही कळत नाही. प्रयोगशाळेतही तेल थेट यंत्रात घालत नाहीत, काजळी धरते. अर्धा ग्रॅम तेल नायट्रिक आम्लासोबत बंद भांड्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. ते पाण्यासारखं नितळ झालं की पातळ करून आयसीपी-एमएस या सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर लावतात. सोबत तेल न घातलेलं तेवढंच आम्लही चालवतात, तो ‘ब्लँक’. रिपोर्ट हातात आला की मी आधी ब्लँक बघतो. शिसं आम्लातून, भांड्यातून, हवेतल्या धुळीतूनही येतं आणि बिचाऱ्या घाणेवाल्याच्या नावावर चढतं.

रिपोर्टवर ‘आढळले नाही’ आलंय. निश्चिंत राहू ना? (सिंहगड रस्ता)

शेजारी मोजणीची किमान मर्यादा छापली आहे का, ते बघा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार खाद्यतेलात शिसं किलोला ०.०८ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि आर्सेनिक ०.१. प्रयोगशाळेला ०.५ च्या खालचं मोजताच येत नसेल, तर ‘आढळले नाही’ला काय अर्थ? नमुना देण्याआधीच हे विचारा. मुद्दाम शिसं घातलेल्या नमुन्यातून किती परत सापडलं, तेही विचारा. शंभरातले साठच सापडत असतील, तर तो आकडा माझ्या लेखी बाद.

रिफाइंड बरं की घाण्याचं?

निव्वळ धातूंपुरतं बोलायचं तर रिफाइंड. बियांतले धातू बरेचसे पेंडीतच राहतात. उरलेले रिफाइंड करताना जातात: काही तेलातला डिंक (चिकट अंश) काढताना, काही रंग घालवणाऱ्या ब्लीचिंगच्या मातीत. घाण्याचं तेल घ्या, पण गाळ बसू द्या आणि वरचं नितळ वापरा.

आजेसासूबाईंचा पितळी बुधला आहे. त्यात तेल भरू? (सदाशिव पेठ)

शोभेला ठेवा. तांब्याचा अंश लागला की तेल लवकर खवट होतं. म्हणूनच कोडेक्सने रिफाइंड तेलात तांबं किलोला ०.१ मिलिग्रॅमवर बांधलंय. जुन्या पितळेत शिसंही असू शकतं. वापरायचाच हट्ट असेल, तर आतून कल्हई करून घ्या, पण कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्याला विचारा. शिसं मिसळलेली कल्हई म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेलाला स्टीलची बरणी उत्तम.

दुकानातल्या तेलाचाच संशय आहे. (हडपसर)

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. बिल जपा आणि पिशवीचं सील तोडू नका.