दोघं, दोन सॅक आणि व्हिएतनाम

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनाम उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरून आलो. होई आनला पावसाने खोलीबाहेर पडू दिलं नाही, सॅकने खांदे भरून आले आणि शाकाहारी असल्याने खाण्याचे हाल झाले. पुन्हा जायचंय. काय बदलावं?
– एक दांपत्य, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या महिन्यांत हनोई उत्तम, मधला किनारा मात्र वाईट. ह्वे, दा नांग, होई आनचा मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो. ईशान्येचा वारा समुद्रावरून बाष्प आणतो आणि किनाऱ्यामागच्या डोंगररांगेला अडतो. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं त्यातलाच प्रकार, फक्त दिशा उलटी. पुढच्या वेळी मार्चच्या सुरुवातीला हो चि मिन्ह सिटीत उतरा. कान थो, दा लात करून महिनाअखेर होई आन-ह्वे आणि एप्रिलात हनोई आणि उत्तरेचा डोंगराळ हा जांग. दिवाळीचीच सुट्टी मिळत असेल, तर मधला किनारा सरळ गाळा आणि हनोईहून विमानाने दक्षिणेला जा.

हनोई ते हो चि मिन्ह सिटी रेल्वेने १७२६ किलोमीटर, तीस तासांच्या वर. एका दमात जाण्यात मजा नाही, तुकडे करा. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वर नीट बसताही येत नाही. चार बर्थचा घ्या. दा नांग ते ह्वे हा टप्पा दिवसा करा. उत्तरेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो.

आता खांदे. सॅक ४० लिटरची पुरे, भरून सात-आठ किलो. वजन कमी असूनही खांदे दुखतात, कारण बहुतेकजण आधी खांद्याचे पट्टे आवळतात. उलट करा: सगळे पट्टे सैल सोडा, कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवून घट्ट करा, मग खांद्याचे आणि शेवटी छातीचा. भार कमरेवर गेला पाहिजे. जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर. जाण्याआधी भरलेली सॅक घेऊन दंडोबाचा डोंगर चढून बघा. कुठे घासतंय ते तिथेच कळेल. आणि सामान ‘त्याचं-तिचं’ असं वाटू नका. एकाचे दोन कपडे, एक बँक कार्ड आणि पासपोर्टची प्रत दुसऱ्याच्या सॅकमध्ये ठेवा. एक सॅक हरवली तरी प्रवास अडत नाही.

खाण्यात अडचण भाजीची नसते, रश्शाची असते. वरून फक्त पालेभाजी दिसणाऱ्या फोचं, म्हणजे नूडल्सच्या सूपचं, पाणी बहुधा हाडांचं, आणि न्वोक माम, म्हणजे माशांचा सॉस, कशातही पडतो. ‘भाज्याच द्या’ म्हणून भागत नाही. ‘तोई आन चाय’, मी शाकाहारी, एवढं त्यांच्या लिपीत कागदावर लिहून न्या आणि ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) पाटीची खानावळ शोधा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले अनेक बौद्ध शाकाहार पाळतात, तेव्हा सोय जास्त असते. अंडंही चालत नसेल तर ते वेगळं सांगा.

प्रश्न : आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथे स्कूटर चालवता येते का?
– वाचक, कराड

उत्तर : दुकानदार देईल, पण कायद्याने चालत नाही. भारतात मिळतो तो रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना. व्हिएतनाम १९६८च्या कराराचा मानतो. भाड्याच्या गाड्या बहुतेक ११०-१२५ सीसीच्या असतात, त्यांना परवाना लागतोच. अपघात झाला तर खरा फटका विम्याचा: वैध परवाना नसेल तर बहुतेक पॉलिसी दावा नाकारतात. हा जांगच्या घाटांत स्थानिक चालक घेऊन मागे बसा. दोघांसाठी दोन गाड्या लागतील, खर्च धरून चला.

प्रश्न : व्हिसा किती दिवसांचा?
– वाचक, सातारा

उत्तर : ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. मध्येच कंबोडिया बघून परतायचं असेल तर अनेकदा प्रवेशाचाच घ्या. नाव पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच भरा. चुकलं तर पैसे परत मिळत नाहीत.