साठ पॉइंट, आणि एका दमात साठ टिक

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. कस्टमरच्या ऑडिटमध्ये शेरा आला म्हणून नेटवरनं चेकलिस्ट उतरवली, ६० पॉइंटची, सेटिंगपासून डिस्पॅचपर्यंत सगळं एकाच कागदावर. पोरं शिफ्ट सुटताना सगळ्यावर टिक मारून मोकळी होतात आणि तरीही जुन्या रिव्हिजनच्या (म्हणजे बदल व्हायच्या आधीच्या) ड्रॉइंगवर जॉब निघालेच. आता मालक म्हणतात ॲप घेऊया. फरक पडेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ॲपमध्ये पण ६० टिक एका दमात मारता येतात, उलट जास्त पटकन.

पोरांवर चिडू नका, ६० पॉइंट मीसुद्धा वाचणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट २००८ साली आली, त्यात सगळे मिळून १९ पॉइंट, तेही तीनदा थांबून विचारायचे, भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी आणि पेशंटला ओटीतनं बाहेर काढायच्या आधी. माणसाच्या जिवाला १९ पुरतात आणि तुमच्या फ्लँजला ६०? शिवाय त्या ऑपरेशनच्या कागदावर खाली छापलेलंच आहे की ही यादी पूर्ण नाही, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे भर घाला, बदल करा. तुम्ही नेमकं तेच केलं नाही, दुसऱ्याची लिस्ट जशीच्या तशी लावली.

तुमचे थांबे मला तरी तीनच दिसतात: फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग), शिफ्ट बदल, गाडी भरायच्या आधी. प्रत्येक थांब्याला वेगळा छोटा कागद, पाच-सात ओळींचा. आणि जिथं चूक महागात पडते तिथं टिक ठेवूच नका, लिहायला लावा. ‘ड्रॉइंग चेक केलं का’ याला कोणीपण हो म्हणतं. त्याऐवजी ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर एका रकान्यात, जॉब कार्डवरचा शेजारच्या रकान्यात, जुळले नाहीत तर सायकल स्टार्ट नाही, म्हणजे मशीन चालूच करायचं नाही. बोअरचं (आतल्या भोकाचं) मापही आकड्यातच (खोटा आकडा लिहिणारा लिहीलच म्हणा, पण टिक मारण्याएवढं ते सोपं नसतं आणि नंतर सापडतंही).

बाकी प्रत्येक थांब्याचा मूळ कागद सगळ्या जॉबना एकच ठेवा आणि खाली दोन-तीन ओळी त्या-त्या जॉबच्या, म्हणजे कास्टिंग असेल तर ब्लो होल (ओतताना आत राहिलेली हवेची भोकं), एक्सपोर्टचा माल असेल तर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणि पॅकिंग वगैरे. ओळी ऑपरेटरला सुचवू द्या, त्याच्याच शब्दात, पण बदल फक्त तुम्ही करायचा आणि खाली तारीख टाकायची, नाहीतर तीन मशीनवर तीन वेगवेगळे कागद लटकतील. महिनोन् महिने जिनं काही पकडलं नाही ती ओळ काढा, सेफ्टीच्या सोडून.

सुरुवात ज्या मशीनवर रिजेक्शन जास्त तिथनंच करा, सगळ्या शॉपला एकदम नको. तिथं कागद नीट चालला की तोच गूगल शीटवर चढवा, पैसे लागत नाहीत. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चेक केलं सर’ असले मेसेज चालवून घेऊ नका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कुठं जातात पत्ता लागत नाही.