आरोग्याचा आकडा कुठून घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, मी एमएसडब्ल्यू करायलेय, प्रोजेक्ट ऊसतोड करणाऱ्या बायांच्या बाळंतपणावर आहे. दवाखान्यात किती बाळंतपणं झाली ते शोधायला गेले तर सरकारी वेबसाईटवर एक आकडा, सर्वेच्या पीडीएफमध्ये दुसरा आणि पेपरात तिसराच. मॅडम म्हणतात विश्वसनीय सोर्सच टाक. मग नेमका कोणता धरू?
– एक विद्यार्थिनी, माजलगाव, जि. बीड

उत्तर: ताई, वेबसाईटचा आणि सर्वेचा, दोन्ही आकडे बरोबर असूनसुद्धा जुळणार नाहीत, कारण मोजणारे वेगळे आणि मोजलेली माणसंही वेगळी. तुम्ही वेबसाईटवर बघितला तो बहुतेक एचएमआयएसचा असणार. आरोग्य मंत्रालयानं २००८ मध्ये ही ऑनलाईन यंत्रणा सुरू केली, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे तिच्यात दर महिन्याला रिपोर्ट भरतात. पण बाळंतपण जिथं झालं तिथं ते मोजलं जातं, बाई मूळची कुठली हे त्या बेरजेत दिसत नाही. आता तुमच्या विषयात हे किती अवघड होऊन बसतं बघा, टोळ्या कारखान्यावर गेल्या की माजलगाव-धारूरकडच्या बाईचं बाळंतपण सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर पार कर्नाटकात होतं आणि नोंदही तिकडंच पडते, बीडच्या खात्यात काहीच नाही. उलट पहिलटकरीण माहेरी आली की इकडची बेरीज वाढते. संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आजूबाजूच्या जिल्ह्यांतनं अवघड केसेस जातात, म्हणून तिथले माता मृत्यू जास्त दिसले तर त्यावरनं त्या शहराबद्दल लगेच काही ठरवू नका.

सर्वे म्हणजे एनएफएचएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, तो मुंबईची आयआयपीएस ही संस्था घरोघरी जाऊन करते. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांचं राज्याचं प्रमाण ९४.७ टक्के निघालं. पण हा आकडा त्या एका वर्षाचा नाही, सर्वेच्या आधीच्या ५ वर्षांतल्या बाळंतपणांचा आहे, त्यामुळे तो एचएमआयएसच्या एका वर्षाशेजारी ठेवून वाढलं-घटलं असं लिहू नका. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्वेची टीम दिवाळीनंतर गावात आली असेल तर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या घराला कुलूप असणार, आणि कुलूप लागलेल्या घरातली बाई सर्वेत येतच नाही. ऊसतोड बाया असा वेगळा रकाना दोन्हीकडं नाही. म्हणून जिल्ह्यात राहणाऱ्या बायांचं चित्र दाखवायचं तिथं एनएफएचएस घ्या, दवाखान्यांवरचा भार दाखवायचा तिथं एचएमआयएस घ्या, आणि कोयत्यावरच्या बायांसाठी गावातल्या आशाताई आणि सिस्टरच्या मदतीनं स्वतः बोलून माहिती गोळा करा, ती कशी केली तेही स्पष्ट लिहा. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात दमदार भाग तोच ठरेल, कारण ही माहिती तयार कुठंच मिळत नाही.

एनएफएचएसच्या जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात असतात, ते २५ ते ४९ केसेसवरनं काढलेले, आणि जिथं नुसती चांदणी (*) आहे तिथं २५ पण केसेस नव्हत्या. असा कंसातला आकडा बातमीच्या हेडिंगमध्ये जातो तेव्हा खरंच वाईट वाटतं. तसंच जिल्ह्याचा माता मृत्यू दर कुणी सांगितला तर कुठनं काढला ते विचारा. महानिबंधकांची एसआरएस ही जन्म-मृत्यूची नमुना पाहणी तो राज्याचा देते, २०१८-२० साठी महाराष्ट्राचा एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आणि देशाचा ९७. जिल्ह्याचा त्यात नसतो.

पेपरातला आकडा मूळ रिपोर्ट सापडल्याशिवाय घेऊच नका. बीडचं मुलींचं प्रमाण घ्या, ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ होतं ते २०११ मध्ये ८०७ वर आलं. एवढी गंभीर गोष्ट, पण लोक त्याशेजारी जन्माच्या वेळचं प्रमाण ठेवतात नाहीतर सगळ्या वयाच्या बाया-पुरुषांचं, आणि सुधारणा झाली म्हणून मोकळे होतात. तिन्ही वेगळी मापं आहेत. मराठीत वाचायचं असेल तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन बघा, त्यात तक्त्याखाली आकडा कुणाकडनं आला ते दिलेलं असतं.

प्रश्न: मी एका खाजगी हॉस्पिटलात रेकॉर्ड सांभाळतो. मृत्यूच्या फॉर्मवर बरेच डॉक्टर फक्त 'कार्डियाक अरेस्ट' लिहून देतात. चालतं का असं? आणि कोडिंग शिकायला चांगलं काय आहे?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: नाही चालत. हृदय तर शेवटी सगळ्यांचंच थांबतं, फॉर्म ४ वर ज्या आजारापासनं सगळं सुरू झालं तो मूळ आजार हवा. समजा शुगर होती, त्यातनं किडनी गेली, तर ती साखळी खालच्या ओळीपासनं वर दिसली पाहिजे. डॉक्टरांना नम्रपणे विचारून घ्या, कोड अंदाजानं टाकू नका. कोडिंगसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी, म्हणजे आजारांच्या कोडांची यादी, तिच्या आयसीडी-१० आणि आयसीडी-११ दोन्ही आवृत्त्या ऑनलाईन फुकट आहेत. आयसीडी-११ जगभरासाठी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण तुमच्याकडनं रिपोर्ट कोणत्या आवृत्तीत मागतात ते आधी विचारा. मृत्यूचं कारण कसं लिहायचं याचं साहित्य आयसीएमआरच्या बेंगळुरूच्या एनसीडीआयआर संस्थेकडं आहे.

तुमचं काम फाईल लावण्याचं समजू नका. बार्शीची कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, खेड्यांसाठीची देशातली पहिली, आणि तिच्यात आपल्या धाराशिवचे परांडा आणि भूम हे तालुकेही येतात. आपल्या खेड्यांत कोणता कॅन्सर किती, हे दवाखान्यांचे कागद नीट असतात तेव्हाच कळतं.

प्रश्न: हिंगोलीचे जुने आरोग्याचे आकडे सापडत नाहीत.
– एक शिक्षक, वसमत

उत्तर: हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधीचं सगळं परभणीत धरलेलं. म्हणून १९९१ चा परभणी आणि २००१ चा परभणी यांची तुलना करू नका. जनगणनेची जिल्हा पुस्तिका घेऊन गाववार बेरीज करा. वेळ लागेल, पण तालुक्यांच्या हद्दीसुद्धा बदलल्यात त्यामुळे दुसरा भरवशाचा मार्ग नाही. एनएफएचएस जिल्ह्याचे आकडे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून देतं, त्याआधीसाठी डीएलएचएस या जिल्हावार आरोग्य सर्वेच्या २००२-०४ आणि २००७-०८ च्या फेऱ्या बघा. आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांचं शोधताना औरंगाबाद, उस्मानाबाद अशी जुनी नावंच टाका, नवीन नावानं जुने रिपोर्ट सापडत नाहीत.