जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा अमेरिकेतला रँडल पार्क मॉल बंद का पडला?

मुळात तो गरजेपेक्षा फार मोठा होता. क्लीव्हलँडच्या उपनगरात नॉर्थ रँडल नावाचं हजार-दीड हजार वस्तीचं गाव आहे. तिथे 1976 साली एडवर्ड डीबार्टोलो या बिल्डरने 20 लाख चौरस फुटांहून मोठा मॉल उभारला. पाच मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, शिवाय छोट्या दुकानांच्या रांगा. गाव इतकं हरखलं की गावाच्या अधिकृत शिक्क्यावर चक्क शॉपिंगच्या दोन पिशव्या आल्या! (आपल्याकडे नगरपालिकेच्या बोधचिन्हावर डी-मार्टची पिशवी आली तर कसं वाटेल, तसंच.)

पण दोनच वर्षांत जवळच बीचवूड प्लेस हा जास्त उच्चभ्रू मॉल उघडला आणि पैसेवालं गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं. पुढे डिपार्टमेंट स्टोअर्सचा धंदाच बसत गेला. 2001 मध्ये मॉलमधलं जेसी पेनी हे मोठं स्टोअर गेलं, पाठोपाठ डिलार्ड्सही. मोठं दुकान गेलं की गर्दी जाते, मग छोट्यांना भाडं परवडत नाही. 2009 मध्ये मॉलला टाळं लागलं.

2014 च्या अखेरीस पाडकाम सुरू झालं. आता त्या जागेवर ॲमेझॉनचं अवाढव्य गोदाम आहे.