रंग आधी प्लेटमध्ये कोर

प्रिय,

तुझा व्हिस्कॉसिटी छपाईचा प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, पाहिला. निळा, केशरी, पिवळा लावला म्हणतेस आणि कागदावर उमटलाय ओल्या मातीचा तपकिरी. शाई बदलू का, चौथा रंग घालू का, असं विचारलंस. यातलं काहीच करू नकोस. प्लेट उजेडात तिरपी धर आणि तिच्यावरून नख फिरव. कुठे अडखळतंय? नाही ना? मग तीन रंगांनी वेगळं राहायचं तरी कुठे?

व्हिस्कॉसिटीत एकाच प्लेटवर कमी-जास्त घट्ट शाया लावून अनेक रंग एकदम छापतात, आणि रंग प्लेटच्या उंच-सखलपणात राहतो. पॅरिसच्या आतेलिए १७ या छापचित्रांच्या स्टुडिओत, तो चालवणाऱ्या स्टॅनली विल्यम हेटरसोबत ही पद्धत घडवणारे कृष्णा रेड्डी शिल्पकलेत तयार झालेले होते, हे विसरू नकोस. त्यांचं 'व्हर्लपूल' (१९६३) हे छापचित्र बघताना रंगांची नावं मोजू नकोस, धातू कुठे किती खोल गेलाय ते शोध.

तांब्याची प्लेट घे. जस्तावर पिवळा पुसतानाच मळतो. धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात प्लेटवर खोलीच्या तीन पातळ्या होईपर्यंत थांब. इथे घाई केलीस तर पुढचं सगळं वाया. खोल रेषांत घट्ट शाई भर आणि टार्लटनने, म्हणजे जाळीदार कडक कापडाने, नीट पूस. वर राहिलेला पातळ थर पुढचा प्रत्येक रंग मळवतो. मग कडक रोलर: जवसाचं तेल घालून सैल केलेली शाई, हात हलका, एकच फेरा. ती फक्त माथ्यांवर बसते. शेवटी मऊ रोलर, शाई बिनतेलाची, हात दाबून. मऊ रबर खाली उतरतं, आणि माथ्यावरचं तेल घट्ट शाईला जवळ येऊ देत नाही. उलट क्रमाने केलंस तर सैल शाई घट्ट शाईवर आरामात बसते. तुझा चिखल असाही झाला असेल.

प्लेटला हात लावण्याआधी काचेवर पाहा. सैल शाईचा एक पट्टा ओढ, त्यावरून आडवा घट्ट शाईचा रोलर ने. छेदावर पहिला रंग स्वच्छ राहिला तर ठीक. मळला तर तेलाचे थेंब वाढव, आकडा वहीत लिही. रोलर १० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर एका फेऱ्यात जेमतेम ३१ सेंटीमीटर जातो. प्लेट त्याहून लांब असली की रोलरवर चढलेला आधीचा रंग पुढे भुतासारखा उमटतो.

खोली, खोली, किती तेच तेच, असं तुला वाटेल. वाटू दे. उथळ प्लेटांवर रंगांचा मारा करण्यात माझी वर्षं गेली. ती परत मिळत नाहीत, म्हणून हे तुणतुणं वाजवणारच. रंगाची तुझी नजर चांगली आहे, त्यामुळेच राग येतो.

पुढच्या वेळी रंगीत काही पाठवू नकोस. नुसता काळा. एक प्रूफ कडक रोलरने, दुसरा मऊ रोलरने दाबून. दोन्ही शेजारी ठेव. सारखे दिसले तर प्लेट परत फेरिक क्लोराइडमध्ये टाक.