विंडोज पीसीवर लिनक्स सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर उघडताना ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ येतं. ऑफिसातले सीनियर म्हणतात, ‘एक्सहोस्ट +’ दे. देऊ का?

अजिबात देऊ नका. त्या कमांडने तुमच्या पीसीवरच्या एक्स खिडक्या (लिनक्स-युनिक्स प्रोग्रॅमच्या खिडक्या) नेटवर्कवरच्या कोणालाही उघड्या होतात. सीनियरांना माझा निरोप सांगा हवं तर.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात एका कारखान्याच्या डिझाइन विभागात होतो. युनिक्स वर्कस्टेशनं मोजकी, इंजिनिअर ढीगभर. ज्याला मशीन मिळायचं नाही तो आपल्या विंडोज ९५ च्या पीसीवर एक्सीड (युनिक्सच्या खिडक्या विंडोजवर दाखवणारा एक्स सर्व्हर) टाकून काम करायचा. गणित सगळं वर्कस्टेशन करणार, पीसी नुसती चित्रं काढणार आणि माउस-कीबोर्डची खबर परत पोचवणार. मला ही रचना तेव्हाही फार आवडायची, आजही आवडते.

पण आमच्या सिस्टिमवाल्या साहेबांनी सगळ्या पीसींवरचा अ‍ॅक्सेस कंट्रोल (कोणाला जोडू द्यायचं याची तपासणी) बंद करून ठेवला होता, म्हणजे कायमचं ‘एक्सहोस्ट +’. मी हरकत घेतली तर म्हणाले, "आपल्याच नेटवर्कवर चोर कोण?" मी त्यांच्या देखत वर्कस्टेशनवर एक्सडब्ल्यूडी (खिडकीचं चित्र टिपणारा प्रोग्रॅम) चालवलं, त्यांच्या पीसीचं नाव दिलं, आउटपुट एक्सडब्ल्यूयूडीला (ते चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडलं. त्यांच्या पीसीवर एक्सटर्ममध्ये (टर्मिनलच्या खिडकीत) उघडी असलेली मेल अक्षर न् अक्षर माझ्यासमोर आली. तिथे टाइप केलेला पासवर्डही याच उघड्या दारातून टिपता येतो, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "तू मुद्दाम करतोस." सेटिंग तसंच राहिलं. माझा मुद्दा बरोबर होता आणि आहे.

तुमच्या बाबतीत तर एक्सहोस्टने बहुतेक काही होणारही नाही. प्रोग्रॅम सर्व्हरवरून उलट तुमच्या पीसीच्या 6000 पोर्टवर येतो आणि बहुधा विंडोजचा फायरवॉल त्याला अडवतो. परवानगीचीच अडचण असती तर ‘नॉट ऑथराइज्ड’ किंवा तशाच अर्थाची ओळ आधी दिसली असती. पीसीवर व्हीसीएक्सएसआरव्ही (एक्सीडसारखाच एक्स सर्व्हर) चालू ठेवा, पुटीमध्ये (सर्व्हरला एसएसएचने, म्हणजे कूटबद्ध जोडणीने, जोडणारा प्रोग्रॅम) एक्स११ फॉरवर्डिंगवर टिक करा आणि डिस्प्ले (खिडकी कुठे दाखवायची तो पत्ता) हाताने सेट करणं सोडा. तो लोकलहोस्ट:10.0 (किंवा पुढचा आकडा) असा आपोआप लागतो आणि सगळं एसएसएचच्या आतून जातं. नाही लागला तर सर्व्हरवर एक्सऑथ (जोडणीच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे का आणि फॉरवर्डिंगला परवानगी आहे का, ते बघा.

हे सगळं ऑफिसच्या लॅनवर. घरून व्हीपीएनवरून प्रत्येक मेन्यूला पीसी आणि सर्व्हर यांच्यात इतक्या फेऱ्या होतात की जीव जातो. तिथे एक्सटूगो किंवा व्हीएनसी (दूरच्या मशीनची स्क्रीन दाखवणारे प्रोग्रॅम) घ्या.

तरीही सीनियर ऐकत नसतील, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच पीसीवर एक्सडब्ल्यूडी चालवून दाखवा.